पलटणीतले पत्र आधी सासऱ्याच्या हाती पडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या गावाकडच्या प्रेमपटाचे पोस्टर कसे असते, हे आता पाठ झाले आहे. बांधावरून खाकीतला जवान येतो आहे, खांद्याला रायफल. समोर नऊवारीतली ती, कमरेवर घागर. मागे धुरळा उडवत चाललेली लाल एसटी आणि खाली कोपऱ्यात ‘सातारा जिल्हा, १९४३’. या एका चित्रात निदान चार चुका आहेत. रजेवर निघालेला शिपाई रायफल घरी नेत नसे, ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा होई. एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ रोजी. मागचे गुडघाभर उंचीचे पीक सोयाबीनचे असते आणि त्या काळी या भागात सोयाबीन कोणी पेरत नव्हते. बांधावरची नाजूक पांढरी फुले गाजरगवताची. हे तण आपल्याकडे पहिल्यांदा नोंदले गेले ते पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास.

परीक्षणे लिहिणारे या गोष्टी किरकोळ म्हणून सोडून देतात. आमचा आक्षेप तिथेच आहे. त्या काळी नवऱ्याची आणि बायकोची ताटातूट कशी होई, हे टपाल, आगगाडी, पंचांग, पीक आणि घड्याळ यांच्या चालीवर ठरत असे. ती चाल पटकथेला ठाऊक नसली की अडचण उभी करायला सावकाराचा वाह्यात मुलगा आणावा लागतो. ठाऊक असेल तर त्या सावकाराची गरजच उरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पत्राचा होतो. पडद्यावर जवान खंदकात बसून ‘माझी लाडकी...’ असे लिहितो, पुढच्या दृश्यात ती माळ्यावर एकटी बसून ते वाचते. एकत्र कुटुंबातल्या सुनेच्या नावाने पाकीट येणे हीच मुळात गावभर चर्चेची गोष्ट होती. पत्र वडिलांच्या नावाने येई. ‘तीर्थरूप आबांस बालके शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.’ अशी सुरुवात, मग स्वतःची खुशाली, बैल कसे आहेत, पाऊस झाला का, धाकट्याला शाळेत घातले का आणि शेवटी ‘घरातील लहानथोर सर्व मंडळींस यथायोग्य’. बायको या ‘यथायोग्य’मध्ये बसवलेली असे. तिला वेगळा शब्द पाठवायचा तर तो बैलाच्या, विहिरीच्या, परसातल्या झाडाच्या चौकशीतून पाठवावा लागे. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलेल्या पत्रातले ते एक वाक्य आपल्यासाठी आहे हे फक्त तिला कळते, असा प्रसंग एकाही संवादाशिवाय उभा राहतो. पटकथाकाराला याहून अधिक काय हवे?

तो मजकूर तिच्यापर्यंत पोचेस्तोवर किती हातांतून जाई तेही बघावे. शिपाई निरक्षर असला तर कंपनीतल्या लिहिणाऱ्याने लिहायचे. मग युनिटमधल्या अधिकाऱ्याने वाचून सेन्सॉरचा शिक्का मारायचा. वाटेत तळाच्या सेन्सॉरकडे ते पुन्हा उघडले जाण्याची शक्यता. गावात ते पोस्टमन, शाळामास्तर किंवा पाटलाचा शिकलेला मुलगा वाचून दाखवणार. म्हणजे नवऱ्याचा शब्द बायकोच्या कानी पडेपर्यंत चार-पाच परक्या माणसांनी ऐकलेला असे. पत्रावर गावाचे, देशाचे नाव नसे. फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक. पत्त्यात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. त्यामुळे ‘इथे इटलीत थंडी फार आहे’ असे वाक्य पत्रात दाखवू नये. ते काळ्या शाईने मारले जाई किंवा ब्लेडने कापले जाई. चौकोनी भोक पडलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला, तर त्या भोकातून दिसणारा चेहरा हे आयतेच दृश्य आहे.

लिपीचाही विचार हवा. जुन्या पिढीतला लिहिणारा मोडीत लिही. मुलगी चार इयत्ता शिकलेली असली तरी तिचा हात बाळबोधीवर, म्हणजे देवनागरीवर, बसलेला असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय पलटणीत शिपायांना रोमन उर्दू शिकवत, म्हणजे हिंदुस्थानी भाषा इंग्रजी अक्षरांत. तेव्हा पत्र हाती आले तरी ते तिला वाचता येईलच असे नाही. आंतर्देशीय पत्र मात्र कृपा करून दाखवू नये, ते २ ऑक्टोबर १९५० पासूनचे. पिनकोड तर १९७२ चा. या दोन्ही गोष्टी साध्या क्लोजअपमध्ये ढळढळीत दिसतात.

पत्रापेक्षाही उपयोगाची आणि पडद्यावर अजिबात न दिसणारी वस्तू म्हणजे मनीऑर्डरचा फॉर्म. पैसे घरी दोन वाटांनी येत. पगारातून नेमून दिलेली रक्कम हिशेब खात्याकडून परस्पर येई. तिच्यावर शिपायाच्या हातचे काही नसे. पण त्याने स्वतः फील्ड पोस्टातून मनीऑर्डर केली, तर फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी कुपन असे. दोन-तीन ओळींची जागा. पोस्टमन पैसे मोजून देई, घेणाऱ्याची सही किंवा साक्षीदारासमोर अंगठा घेई आणि कुपन फाडून हातात ठेवी. घेणाऱ्याची सही असलेली पोच परत पाठवणाऱ्याकडे जाई. आता हे प्रेमकथेच्या नजरेने बघा. एरवी पैसे वडिलांच्या नावाने येतात. एके दिवशी ते तिच्या नावाने येतात. घरात ताण पडतो, ओसरीवर सासऱ्याचा चेहरा बदलतो. ती शाईत अंगठा बुडवते आणि तो अंगठा समुद्रापार जातो. तिच्या हाताची खूण त्याच्यापर्यंत पोचायचा सरकारमान्य रस्ता तेवढाच. पुढच्या खेपेला अंगठ्याच्या जागी वेडीवाकडी सही गेली, तर ती लिहायला शिकली हे त्याला पत्राशिवाय कळते. इतके सगळे त्या फॉर्मात असताना आपले दिग्दर्शक कबुतर उडवतात.

दुसरी वस्तू तार. देवनागरीत तारा पाठवण्याची सोय १९४९ ची. युद्धकाळात तार यायची ती इंग्रजीत, रोमन अक्षरांत. तारघर तालुक्याला, तिथल्या बाबूने मोर्सवर ऐकून हाताने उतरवलेली. तिथून माणूस चालत किंवा सायकलवर गावात आणी. पडद्यावर पोस्टमन स्वतःच ती मराठीत वाचून मान खाली घालतो. प्रत्यक्षात गावात इंग्रजी वाचणारा शोधण्यातच वेळ जाई आणि तो वेळ हाच प्रसंग. त्यात घरात सून एकटी असेल तर आणखी एक अडचण. ‘कोणाची तार? नाव सांगा’ असे तारवाल्याने विचारले, तर ती नवऱ्याचे नाव उच्चारायची नाही. उखाण्याखेरीज ते नाव तिने तोंडातून काढलेले नसते. शेजारच्या पोराला बोलावून त्याच्याकडून ते वदवायचे, मग कागद हातात घ्यायचा.

तारेत काय असते याबद्दलही पटकथा ढोबळ असतात. ‘वीरमरण’ आणि ‘जखमी’ यांच्या मधोमध ‘बेपत्ता’ नावाचा एक शब्द होता. २१ जून १९४२ रोजी उत्तर आफ्रिकेतले टोब्रुक पडले तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे होती. तिच्यातले कितीतरी जवान एका दिवसात कैदी झाले. अशा वेळी आधी बेळगावच्या रेजिमेंटच्या कचेरीतून ‘बेपत्ता’ एवढे कळे. मग नुसती वाट बघायची. माणूस कैदेत जिवंत असला तर यथावकाश छापील कार्ड येई, पुढची पत्रे रेड क्रॉसच्या मार्फत. या मधल्या महिन्यांत त्या बाईने बांगड्या ठेवायच्या की नाही, हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही, वटपौर्णिमेला ती वडाशी गेली तर बायका काय म्हणतील, हे गाव रोज ठरवत असते. आणि आमच्या भागात त्याच उन्हाळ्यानंतर काय झाले? ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली, तारा तोडल्या गेल्या, टपालाला खीळ बसली. सातारा जिल्ह्यात मोर्चे निघाले, २४ ऑगस्टला कराडला, ३ सप्टेंबरला तासगावला. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला. म्हणजे ज्या घराचा मुलगा आफ्रिकेत बेपत्ता आहे, त्याचाच धाकटा भाऊ तारेचे खांब पाडायला गेलेला असू शकतो आणि मुलाची बातमी त्याच तारेने यायची आहे. हे जुळवून आणायला कल्पनेचीही गरज नाही, दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुरे.

गावातले राजकारण या चित्रपटांत बहुधा एका मिरवणुकीपुरते येते. १९४३ पासून या पट्ट्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारा समांतर कारभार, चालू होते. त्यांची न्यायदान मंडळे होती, गुन्हेगाराच्या तळपायावर काठ्या बसत, तुफान सेना होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली गेली. हा तोच पुणे-मिरज लोहमार्ग, ज्यावरून रजेवरचा जवान घरी येई. सरकारची वर्दी घालणारा जावई आणि सरकारला न मानणारा मेहुणा एका पंगतीला बसले, तर काय बोलतील? प्रतिसरकारने ‘गांधी विवाह’ही लावले. मानपान नाही, हुंडा नाही, थोड्या खर्चात लग्न. फौजी घरातल्या मुलाने तसे लग्न करायचे ठरवले, तर त्याच्या वडिलांची पंचाईत काय होईल याचा अंदाज करावा. आमच्या मते इथे एक अख्खा चित्रपट पडून आहे.

वाड्यावरच्या प्रेमकथेत महारवाड्यातला जवान दिसतच नाही, हेही खटकते. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. महारवाड्यातही मनीऑर्डरी येत होत्या. ती द्यायला पोस्टमन कुठवर येई, अंगठा घेताना फॉर्म कसा पुढे करी, हे कॅमेऱ्याने एकदा नुसते बघितले तरी पुष्कळ सांगून होईल.

रजा आणि लग्न यांचा मेळ हा पटकथेतला हमखास गळका पत्रा. जवान श्रावणात येतो आणि आठव्या दिवशी मांडव पडतो! आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसत, हे लहान मुलालाही ठाऊक होते. रजा मिळते पलटणीच्या सोयीने, मुहूर्त निघतो पंचांगाच्या सोयीने. पावसाळ्यात रजा मिळालेल्या जवानाला फार तर सुपारी फोडून परत जावे लागे. ठरलेली पण न झालेली बायको, तिला त्याच्या नावाने कुंकूही लावता येत नाही आणि दुसरीकडे देताही येत नाही, ही अडचण तुम्हाला फुकट मिळते.

आता घड्याळ. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाचे घड्याळ एक तास पुढे होते. साताऱ्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो आजच्या घड्याळात साडेबाराच्या सुमारास. त्या तीन वर्षांत तेव्हा दीड वाजे. मेमध्ये सूर्यास्त सातच्या आसपास, म्हणजे गोरज मुहूर्त घड्याळात आठला. जानेवारीत सूर्य उगवे तोच आठच्या पुढे. गाडी नव्या वेळेने धावे आणि गाव उन्हाच्या वेळेने चाले. मनगटी घड्याळ असलेला एकटा माणूस म्हणजे रजेवरचा जवान. ‘सातच्या गाडीला निघतो’ असे तो म्हणाला आणि घरच्यांनी आपल्या हिशेबाने सात धरले, तर निरोप द्यायला आलेली ती स्टेशनात पोचते तेव्हा फलाटावर कोणी नाही. सिनेमात अशी चुकामूक करायला बैलगाडीचे चाक मोडतात. स्टेशनाबद्दल एकच, पुणे-मिरज-बेळगाव हा मार्ग तेव्हा मीटरगेज होता. रुंद रुळांवर चित्रण केले की जाणकाराला पहिल्याच फ्रेममध्ये कळते. शक्यतो रूळ दाखवूच नयेत. वाफ, फलाटाचा कठडा आणि आवाज एवढ्यावर भागते.

जवानाचे सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक, वळकटी, रजेचा दाखला आणि रेल्वेचा वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाने प्रवासाचा कागद. अंगावरचा कपडा कुठल्या आघाडीवरून आला त्यावर ठरतो. आफ्रिकेतून आलेला खाकी ड्रिलमध्ये, ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा १९४३-४४ नंतर हिरव्या रंगात, इटलीतल्या हिवाळ्यात जाड लोकरी सर्ज. भाड्याने मिळणारी वर्दी बहुतेक टेरिकॉटची असते आणि दिव्याखाली चकाकते. सुती ड्रिल घ्यावे, शिवण्याआधी धुण्याच्या सोड्यात दोन-तीनदा उकळावे म्हणजे नंतर आटत नाही आणि रंगही बसका होतो. कॉलर, खिशाच्या कडा आणि कोपर वीट किंवा खरकागदाने घासावे. एकाच मापाचे तीन जोड लागतात, कोरा, मळका आणि फाटका, कारण चित्रण कथेच्या क्रमाने होत नाही. छातीवर पदके लटकवायचा मोह टाळावा. आफ्रिका स्टार जाहीर झाला जुलै १९४३ मध्ये, बर्मा स्टार मे १९४५ मध्ये. युद्ध चालू असताना मिळे ती फीतच. हुद्द्यांमध्ये ‘नायब सुभेदार’ ऐकू आला की समजावे, संशोधन झालेले नाही. त्या वेळी ‘जमादार’ होता. आणि सरकारी फौजेतला जवान एकमेकांना ‘जय हिंद’ म्हणत नसे, तो आझाद हिंद सेनेचा नमस्कार. मराठ्यांची शिवरायांच्या जयजयकाराची युद्धघोषणा मात्र बिनधास्त वापरावी, ती १९४१ च्या पूर्व आफ्रिकेतल्या केरेनच्या लढाईपासूनची सांगतात. ठोकळ बुटांच्या तळाला खिळे असत. फरसबंदीवर त्यांचा आवाज वेगळा येतो आणि ओल्या पाऊलवाटेवर ठसाही वेगळा उमटतो. तो ठसा बघून कोण आले हे ती ओळखू शकते.

शेताविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण निर्मात्याचा पैसा सर्वांत जास्त तिथे वाया जातो. ज्वारीच्या रानातली भेट हवी असेल तर ज्वारी डोक्यावरून जाणारी हवी. आजची खरिपाची संकरित ज्वारी बुटकी, तिच्यात माणूस लपत नाही. पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला तोच १९६४ मध्ये. उपाय सोपा आहे. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ही त्याच जमान्यातली आणि अजून रब्बीत होते. चांगल्या रानात माणसाच्या वर जाते. पेरा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हुरडा साधारण तीन महिन्यांनी, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. याचा अर्थ असा की डिसेंबर-जानेवारीच्या चित्रणासाठी शेतकऱ्याशी बोलणी गणपतीच्या आत झाली पाहिजेत. नोव्हेंबरात जागा बघायला जाऊन ‘अजून उंच नाही का?’ असे विचारण्यात अर्थ नसतो. दोन एकर असेल तर पंधरा-पंधरा दिवसांच्या फरकाने दोन तुकड्यांत पेरून घ्यावे. एक तुकडा हिरवा राहतो, दुसरा हुरड्यावर येतो आणि वेळापत्रक हुकले तरी पीक हाताशी असते. कॅमेऱ्याचा ट्रॉलीमार्ग पेरतानाच मोकळा सोडावा. नंतर ताटे तुडवून केलेली वाट चित्रात लगेच कळते. पाखरे राखायला माळा आणि गोफण हवी. रात्री त्या माळ्यावर राखणदार असतो, म्हणून भेटीची जागा निवडताना तो कुठे बघतो आहे हे दिग्दर्शकाला माहीत असावे.

गाजरगवताचा बंदोबस्त हातमोजे घालून करावा, त्याने अंगाला खाज सुटते. फुलोऱ्याच्या आत मुळासकट उपटावे. पावसाळी ओल असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवे डोके वर काढते, त्यामुळे एकदा साफ केले म्हणजे झाले असे होत नाही. प्रत्येक वेळी युनिट येण्याआधी पुन्हा फिरावे लागते. निळा प्लॅस्टिकचा पाइप, नायलॉनचा दोर, विजेचा खांब आणि स्टीलचा हंडा हे चार जण तर दर चित्रपटात हजेरी लावून जातात.

मोट हा आणखी एक विषय. विहिरीवरच्या गाण्यासाठी मोट हवीच असते आणि ती नेहमी खोटी असते. चामड्याच्या सोंडेच्या मोटेला दोन दोर, जाड नाडा मोटेला आणि बारीक सोंदूर सोंडेला. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली जातात तशी भरलेली मोट वर येते. वर आली की सोंदूर सोंड ओढून धरतो आणि पाणी विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात पडून पाटाला लागते. दोन्ही दोरांची लांबी जुळली नसेल तर पाणी वाटेतच सांडते किंवा सोंड उघडतच नाही. चामडे कोरडे राहिले तर चिरते; आधी तेल देऊन आणि पाण्यात भिजत ठेवून ते मऊ करावे लागते. बैल खाली जाताना मोटकरी नाड्यावर बसतो, त्याचे वजन ओढीला मदत करते. नायकाला शेजारून चालवतात ते चूक. खरी अडचण परतीची. बैलांना धावेवर मागे-मागे यावे लागते आणि आजच्या बैलांना ती सवय नाही. ती आठ-पंधरा दिवसांत लागत नाही, घाई केली तर बैल विहिरीकडे घसरतो. ज्याच्याकडे असे शिकवलेले बैल नसतील त्याने मोट वर येतानाचाच भाग घ्यावा आणि तिथेच दृश्य तोडावे.

आता रात्र. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ व तेल बंद झाले. रॉकेलची टंचाई गावागावात जाणवली. म्हणून नायिका रात्रभर कंदील जाळून पत्र वाचत बसते, हे त्या घरात चालणारे नव्हते. चुलीच्या उजेडात, देवापाशी करडईच्या तेलाच्या दिव्यात किंवा पहाटे जात्याशी ती वाचेल. यातला शेवटचा पर्याय आम्हाला सर्वांत खरा वाटतो, कारण त्या वेळी घरात फक्त बायका जाग्या असतात आणि जात्याच्या घरघरीत अक्षरे पुटपुटली तरी ऐकू जात नाहीत. चिमणीच्या जागी एलईडी ठेवतात, त्याने भिंतीवरची सावली हलत नाही. वातीची चिमणी ठेवावी आणि तिच्या मागे आडोशाला छोटा पिवळा दिवा. लग्नात गॅसबत्ती हवी, पण तिचा उजेड पांढरा असतो आणि ती सतत फुसफुसते. पेटवण्याआधी स्पिरिटने तापवावी लागते, दाब उतरला की मंद होते, पुन्हा पंप मारावा लागतो. एकदा जळालेले मॅन्टल, म्हणजे बत्तीतली जाळी, नुसती राख, हिसका बसला की गळून पडते. बत्ती डोक्यावर घेऊन वरातीत चालणारी माणसे एवढी सावकाश का चालतात, ते यातून कळेल. ध्वनिमुद्रकाला त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून बत्तीत बल्ब घालतात. घालावा, पण फुसफुस नंतर मिसळायला विसरू नये. ती नसली तर मांडव मुका वाटतो.

पैशांबाबत थोडक्यात. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. भोकाचा पैसा १९४३ पासूनचा, नवा पैसा १९५७ चा. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि लोकांनी जुने रुपये घरात दडवले. राणीछाप रुपया तर १९४१ नंतर चलनातही नव्हता. तो दुकानदाराला देताना दाखवू नये, गाडग्यात किंवा गळ्यातल्या माळेत दाखवावा.

नव्या निर्मात्यांचे एक गाऱ्हाणे असते की एवढे तपशील घालायचे तर चित्रपट लांबतो. युद्धकाळात कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली होती. मिनिटाला नव्वद फूट या हिशेबाने दोन तास दोन मिनिटे. त्यात गाणी धरून कथा सांगितल्या जात होत्या.

आपल्या पुरवणीकडे एकच मागणे आहे. असा चित्रपट आला की परीक्षणकाराने नायक-नायिकेच्या रसायनाबद्दल लिहावेच, पण दोन ओळी आणखी लिहाव्यात. कथा कुठल्या महिन्यात घडते आणि पत्र कोणाच्या नावाने येते, एवढे तरी पटकथेला माहीत होते का?

कळावे,
आपले,
टपाल, पलटण आणि शेती यांत आयुष्य गेलेले काही वाचक